टर्बाइन समोरच्या समुद्रात, काम परक्या यार्डात

फाइफ हा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा जुना खाणपट्टा. तिथल्या मेथिल बंदरातून एकेकाळी बोटी भरभरून कोळसा बाहेर जात असे. खाणी थंडावल्या तोवर उत्तर समुद्रात तेल लागले होते आणि 1970च्या दशकात मेथिलला तेलविहिरींचे पोलादी सांगाडे बांधणारे यार्ड उभे राहिले. पुढे तेलाचाही बहर ओसरला. पण वेल्डर, फिटर, क्रेनवाले, रंगारी ही माणसे गावातच होती आणि धक्क्याला लागून असलेली जागाही होती. त्यामुळे समोरच्या समुद्रात पवनचक्क्यांचे प्रकल्प जाहीर होऊ लागले तेव्हा लोकांना वाटले, पुन्हा आपले दिवस आले.

त्या किनाऱ्यापासून सुमारे 15 किलोमीटरवर आज ‘न्यार्त ना ग्वीहा’ नावाचा प्रकल्प उभा आहे. 54 टर्बाइन, 450 मेगावॉट. मालकी फ्रान्सच्या सरकारी वीजकंपनीची, ईडीएफची, आणि आयर्लंडच्या ईएसबीची. म्हणजे तीही बहुतांशी सरकारीच. प्रत्येक टर्बाइनखाली समुद्रतळाला खिळलेला पोलादी सांगाडा आहे, त्याला जॅकेट म्हणतात. यातल्या बहुतेक जॅकेट्सचे काम गेले इंडोनेशियात. मेथिलच्या वाट्याला 54पैकी आठ जॅकेट्स येणार होती आणि तीही मिळता मिळता यार्ड चालवणारी कंपनी 2020च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली.

ही गोष्ट सांगून बहुतेक जण लगेच निष्कर्षावर येतात: परक्या भांडवलदारांनी स्थानिकांना डावलले. तेवढ्यावर थांबायला माझी तयारी नाही. स्थानिक पुरवठादारांना काम द्या, हे म्हणायला सोपे आणि कोणालाच न दुखावणारे वाक्य आहे. ते प्रत्यक्षात का येत नाही, हे नीट पाहिले नाही तर गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात आखलेल्या प्रकल्पांत आपणही हेच नाटक नव्या नटसंचात करू. माझे म्हणणे असे की, स्थानिकांचा वाटा टक्क्यांच्या घोषणेने ठरत नाही. ऑर्डर किती आधी मिळते, किती वर्षे सलग मिळते आणि बिलाचे पैसे कधी हातात पडतात, या तीन गोष्टींवर तो ठरतो. आपल्याकडच्या चर्चेत टक्के असतात, या तिन्हींचा पत्ता नसतो.

आधी एक सोयीचा समज बाजूला करू. कंपन्या म्हणतात, वीज स्वस्त द्यायची तर पोलाद स्वस्त मिळेल तिथूनच घ्यावे लागते. पण या प्रकल्पाला 2015च्या लिलावात मेगावॉट-तासाला 114.39 पौंडांचा (2012च्या किमतींत) हमीदर मिळाला होता. चारच वर्षांनी, 2019च्या लिलावात, इतर प्रकल्प याच मोजमापाने 40 पौंडांच्या आसपास उतरले. म्हणजे हा काही कंबर कसून लावलेल्या बोलीचा प्रकल्प नव्हता. ब्रिटिश ग्राहक चांगली किंमत मोजत होता. तरीही जॅकेट्स समुद्र ओलांडून आली. दर चढा दिला की आपोआप स्थानिकांकडे पैसा झिरपतो, हे गणित इथेच चुकते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. 2023च्या लिलावात ब्रिटिश सरकारने कमाल दर 44 पौंडांवर बांधला आणि समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. दर इतका आवळला की कोणाच्याच पोटाला काही उरत नाही, स्थानिकांच्या तर नाहीच. तेव्हा चढा दर लागतो, पण तो पुरत नाही.

मग काम का गेले? विकासकाच्या, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीच्या, खुर्चीत बसून बघा. समुद्रात टर्बाइन उभारणारे जहाज भाड्याने घ्यावे लागते आणि त्याचे एका दिवसाचे भाडे लाखाहून जास्त डॉलर असते. अशी जहाजे जगात मोजकी. तारीख चुकली तर पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. उत्तर समुद्रात हवामान काम करू देते ते मुख्यतः उन्हाळ्यात. आता एखाद्या यार्डाने जॅकेट दोन महिने उशिरा दिले तर नुकसान जॅकेटच्या किमतीइतके नसते; सगळी साखळी लटकते. एकेका जॅकेटमध्ये शेकडो वेल्ड. लाटांच्या माऱ्याखाली ते 25 वर्षे टिकायचे, म्हणून अल्ट्रासॉनिक तपासणीत नापास झालेला जोड कापून पुन्हा करायचा. अशा वेळी खरेदी विभागातला माणूस ज्याने अशी पन्नास जॅकेट्स आधी केली आहेत त्याच्याकडे जातो. त्याला देशद्रोही म्हणून काही साधत नाही. आणि ज्याने केली नाहीत त्याला पहिली ऑर्डर कोणी द्यायची, हा प्रश्न तसाच राहतो.

मेथिलच्या यार्डाला तशी पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. उत्तर स्कॉटलंडच्या बिअट्रिस प्रकल्पाला 84 जॅकेट्स लागणार होती, त्यातली 26 बायफॅब या कंपनीला, म्हणजे मेथिल, बर्न्टआयलंड आणि लुइस बेटावरच्या आर्निश या तिच्या यार्डांना मिळाली. यार्ड माणसांनी गजबजली. आणि 2017च्या नोव्हेंबरमध्ये, काम भरात असताना, कंपनीकडचे पैसे संपले. वरच्या कंत्राटदाराशी बिलांवरून वाद, इकडे पगार, पोलाद, वीज यांचा रोजचा खर्च. सुमारे 1,400 नोकऱ्या धोक्यात आल्या. कामगारांनी संप केला नाही, उलट पगाराची खात्री नसताना काम चालू ठेवले, यार्डाच्या फाटकावर पहारा ठेवला आणि एडिनबरोच्या संसदेवर मोर्चा नेला. युनियनच्या इतिहासात असे प्रसंग थोडेच असतील. स्कॉटिश सरकार धावून आले, कर्ज दिले, पुढे कॅनडातून नवा मालक आणला, स्वतः भागीदार झाले. तीन वर्षांनी त्या आठ जॅकेट्ससाठी 3 कोटी पौंडांची हमी द्यायची वेळ आली तेव्हा मात्र सरकारी मदतीचे कायदे आडवे आले आणि सरकारने हात आखडता घेतला. जनतेचे सुमारे 5 कोटी पौंड बुडाले.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो हमीचा मुद्दा. बायफॅब 2020मध्ये बुडाली ती वेल्डर नव्हते म्हणून नाही. ती ऑर्डर घ्यायला लागणारी बँक गॅरंटी, म्हणजे काम अडले तर बँक भरपाई देईल अशी हमी, तिच्याकडे नव्हती. भोसरी, सातपूर किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. मोठ्या कंपनीची ऑर्डर आली की पेढे वाटले जातात आणि त्याच संध्याकाळी विचार सुरू होतो: दहा टक्के गॅरंटी कुठून आणायची, प्लेट्सचे पैसे रोख, आपले बिल मात्र नव्वद दिवसांनी, त्यात पाच टक्के रिटेन्शन, म्हणजे कामाची खात्री म्हणून रोखलेली रक्कम, वर्षभर अडकून, आणि उशीर झाला तर दंड. सरकारने बायफॅबचे समभाग घेतले, पण तिला जे खरोखर कमी पडत होते ते खेळते भांडवल आणि सलग काम. समभाग घेतल्याने पुढची ऑर्डर येत नाही.

मेथिलचे यार्ड पुढे 2021मध्ये बेलफास्टच्या हारलंड अँड वुल्फने घेतले, ती कंपनी 2024मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि 2025च्या सुरुवातीला स्पेनच्या सरकारी नावांतियाने ते उचलले. एका फ्रेंच सरकारी कंपनीच्या टर्बाइनांसमोर आता स्पॅनिश सरकारी कंपनीचे यार्ड आहे. जागतिकीकरणावर टीका करणाऱ्यांनी आणि खासगीकरणाचे गोडवे गाणाऱ्यांनी, दोघांनीही हे चित्र जरा वेळ बघावे.

टक्क्यांचा खेळ कसा चालतो तेही पाहण्यासारखे आहे. 2019मध्ये ब्रिटिश सरकार आणि पवनऊर्जा उद्योग यांच्यात करार झाला: 2030पर्यंत प्रकल्पांच्या खर्चातला 60 टक्के वाटा ब्रिटिश असेल. आकडा ऐकायला भारदस्त. पण तो वाटा प्रकल्पाच्या पूर्ण आयुष्यावर मोजायचा होता. प्रकल्प पंचवीस वर्षे चालतो. देखभालीच्या बोटी, तंत्रज्ञांचे पगार, विमा, वकील, बंदराचे भाडे, सगळे धरा. नियोजनाचे सल्लागार लंडनचे, तेही धरा. एवढे जमवले की पाया आणि टॉवरचे सारे पोलाद बाहेरून आणूनही साठ टक्क्यांच्या जवळ जाता येते. खोटे कोणीच बोलत नाही, आणि मेथिलचे फाटक बंदच राहते.

देखभालीच्या नोकऱ्यांना मी कमी लेखत नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे ग्रिम्सबी एकेकाळी मासेमारीसाठी प्रसिद्ध होते. मासेमारी बसली, बंदर भकास झाले. आज तिथून समुद्रातल्या टर्बाइनांची देखभाल चालते. न्यार्त ना ग्वीहाची देखभाल आयमथ नावाच्या छोट्या कोळी बंदरातून होते. तंत्रज्ञांना ने-आण करणाऱ्या बोटी, डिझेल, खानावळ, दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप असे हे काम आहे. ते दूरदेशी पाठवता येत नाही, म्हणून टिकते. छोट्या गावाला पंचवीस वर्षांचा बांधील ग्राहक मिळणे ही मोठीच गोष्ट आहे. मात्र शेकडो फिटर-वेल्डरांच्या जागी मोजके तंत्रज्ञ, असा हा बदल असतो, आणि दोन्ही एकाच टक्क्यात मिसळून दाखवणे ही चलाखी आहे.

कारखान्यातले काम टिकलेले ठिकाण हवे असेल तर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे हल बंदर पाहा. तिथे सीमेन्सने बंदराच्या मालकांबरोबर 31 कोटी पौंड घालून पात्यांचा कारखाना काढला, 2016च्या अखेरीस तो सुरू झाला. पाती पोलादाची नसतात म्हणा, फायबरग्लासची असतात. पण मुद्दा कारखान्याचा आहे. पहिली पाती 75 मीटर लांब, म्हणजे दूरवरून आणणे महाग. आणि समोर उत्तर समुद्रात एकामागून एक प्रकल्पांची रांग. पुढे विस्तारही झाला. तिथे स्थानिक कामगार आणि पुरवठादार तयार झाले कारण पुढची पाच वर्षे काय बनवायचे हे आज दिसत होते. फाइफमध्ये एक प्रकल्प आला, गेला, मग दोन वर्षे शुकशुकाट, मग पुन्हा धावपळ. या मधल्या काळात चांगला वेल्डर थांबत नाही. तो दुसऱ्या गावी जातो, नाहीतर धंदाच बदलतो.

सक्ती करावी का? तैवानने केली. तिसऱ्या टप्प्याच्या लिलावात तिथल्या सरकारने घटकांची यादी दिली आणि त्यातला मोठा वाटा देशातच बनला पाहिजे असे बंधन घातले. कारखाने उभे राहिले, हे नाकारता येणार नाही. पण छोट्या बाजारपेठेत एकदम सगळेच शिकायला निघाल्यावर किमती चढल्या आणि विकासक कुरकुरू लागले. 2024च्या जुलैत युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेकडे गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तैवानने पुढच्या लिलावांतून ती अट मागे घेण्याचे मान्य केले. ब्रिटनवरही 2022मध्ये युरोपीय संघाने हीच तक्रार केली होती आणि ब्रिटननेही माघार घेतली.

भारताला हा रस्ता अनोळखी नाही. राष्ट्रीय सौर मोहिमेत देशी सेल आणि मॉड्यूल वापरण्याची अट आपण घातली, अमेरिकेने 2013मध्ये तक्रार केली आणि 2016मध्ये अपिलातही आपण हरलो. तेव्हा समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ‘इतके टक्के देशी हवेच’ असे कंत्राटात लिहून मोकळे होणे म्हणजे पुढच्या खटल्याला आमंत्रण. बंदरे सुधारणे, वेल्डरांना प्रमाणपत्र मिळवून देणे, तपासणीच्या प्रयोगशाळा काढणे, छोट्यांना गॅरंटी मिळवून देणे यांत मात्र असा सरळ अडथळा नाही. हे कंटाळवाणे काम आहे. त्याची फीत कापता येत नाही, म्हणून मंत्र्यांना त्यात रस कमी.

आपली स्थिती काय? समुद्रातल्या पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण आले 2015मध्ये. 2024च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली: गुजरात आणि तमिळनाडू किनाऱ्यावर प्रत्येकी 500 मेगावॉट, आणि त्यातले 600 कोटी दोन बंदरांसाठी. गुजरातची निविदा निघाली, तारखा पुढे पुढे गेल्या आणि 2025मध्ये ती रद्द झाली. दहा वर्षांत समुद्रात एक टर्बाइन नाही. अशा परिस्थितीत हजिराचे किंवा कट्टुपल्लीचे मोठे यार्ड एक वेळ वाट पाहू शकेल, त्याला तेल आणि नौदलाची कामे आहेत. राजकोटचा किंवा कोईमतूरचा, पोलाद कापून-जोडून देणारा छोटा फॅब्रिकेटर कशाच्या भरवशावर यंत्र घेईल? 500 मेगावॉट म्हणजे आजच्या मोठ्या टर्बाइनांच्या हिशेबाने चाळीस-पन्नास पाये. तेवढ्यासाठी कोणी यार्ड उभारत नाही. उभारले तर त्याचे मेथिल होते.

महाराष्ट्राच्या समुद्रात हा प्रकल्प नाही, तरी या प्रश्नाशी आपला जुना संबंध आहे. मुंबई हाय 1974मध्ये सापडले तेव्हा तेल शोधणारी ‘सागर सम्राट’ ही विहीर खोदणारी रिग जपानमध्ये बांधलेली होती. पुढे मात्र माझगाव डॉकने विहिरींचे प्लॅटफॉर्म बांधले, न्हावाला त्यासाठी यार्ड उभे केले. ते शक्य झाले कारण ओएनजीसी हा एक ग्राहक वर्षानुवर्षे तिथेच होता आणि एक प्लॅटफॉर्म झाला की पुढच्याची गरज होतीच.

पुण्याचे उदाहरण याहून जवळचे. टेल्को, म्हणजे पुढची टाटा मोटर्स, 1960च्या दशकात पिंपरीला आली, बजाजचा स्कूटरचा कारखाना आकुर्डीला, आणि भोसरी-चिंचवडच्या शेडमधून शेकडो पुरवठादार तयार झाले. तेव्हा आयात जवळजवळ बंद होती, परवान्यांच्या अटीही होत्या, हे विसरून चालणार नाही. पण नुसत्या बंदीने पुरवठादार घडत नाहीत. बंदी देशभर होती, भोसरी मात्र सगळीकडे झाली नाही. फरक पडला तो ग्राहकाच्या वागण्यामुळे: ड्रॉइंग हातात द्यायचे, माल कंपनीचा आणि जॉबवर्क तुमचे, नापास झाले तर कंपनीचा इंजिनिअर शेडमध्ये येऊन चूक दाखवणार, आणि जमले तर पुढच्या महिन्याचे शेड्यूल ठरलेले. लेथवर काम करणारा फोरमन नोकरी सोडून स्वतःची दोन यंत्रे टाकायचा तो या शेड्यूलच्या जोरावर.

समुद्रातल्या प्रकल्पांना यातले बरेच लागू होते. माल मुख्य कंत्राटदाराचा ठेवला, म्हणजे प्लेट आणि पाइप त्यानेच पुरवले, तर छोट्या यार्डाचे अर्धे भांडवल मोकळे होते. सुरुवात अख्ख्या जॅकेटपासून करायची गरज नाही. शिड्या, कठडे, बोट लावायचे धक्के, आतले प्लॅटफॉर्म अशी कामे आधी द्यावीत. ब्रिटनमध्ये छोट्या कंपन्यांसाठी ‘फिट फॉर ऑफशोअर रिन्युएबल्स’ नावाचा कार्यक्रम आहे. वर्ष-दीड वर्ष जाणकार माणसे कारखान्यात येऊन कागदपत्रे, गुणवत्ता, सुरक्षा यांतल्या उणिवा दाखवतात आणि शेवटी तपासणी करतात. निविदेच्या आधी दोन वर्षे असे काही गुजरातेत सुरू झाले तर त्याचा उपयोग. निविदा उघडल्यावर घेतलेल्या ‘व्हेंडर मीट’मध्ये चहा, सामोसे आणि व्हिजिटिंग कार्डांची देवघेव होते, बाकी काही नाही.

सगळेच देशात बनले पाहिजे या हट्टाच्याही मी विरोधात आहे. मोठी बेअरिंग, समुद्राखालून जाणाऱ्या उच्चदाबाच्या केबल, उभारणीचे जहाज यांच्यामागे पहिल्याच दिवशी लागलो तर तैवानसारखी दमछाक होईल. दोन-तीन गोष्टी निवडाव्यात आणि त्यांत मुरावे.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि इथे आपला कायदा कागदावर ब्रिटनपेक्षा कडक आहे. 2006च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आता तर मुदत टळलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही. तक्रारीसाठी 2017मध्ये ‘समाधान’ पोर्टलही सुरू झाले. तरीही ज्याची ऑर्डर चालू आहे असा पुरवठादार तिथे सहसा जात नाही, कारण तक्रार केली की पुढची पर्चेस ऑर्डर येत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. कायदा धंदा संपल्यावर वापरायचा झाला आहे. समुद्रातल्या प्रकल्पात तर विकासक, त्याखाली मुख्य कंत्राटदार, त्याखाली पाया करणारा, त्याखाली यार्ड, त्याखाली आपला फॅब्रिकेटर अशी उतरंड असते. वरच्याने दिलेला शब्द खालच्या पायरीवर कोणालाच बांधत नाही. बायफॅबचे पैसे अडकले तेही वरच्या कंत्राटदाराकडेच, विकासकाकडे नव्हे.

म्हणून सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रकल्पात मुख्य कंत्राटदाराला मिळालेल्या पैशातला खालच्या पुरवठादारांचा हिस्सा वेगळ्या खात्यातून थेट जावा, अशी अट असावी. देशी मालाची सक्ती नसल्याने तिला व्यापार संघटनेत आव्हान देणेही अवघड. मोठे कंत्राटदार तिला कडाडून विरोध करतील, कारण खालच्यांचे अडकवलेले पैसे हेच त्यांचे बिनव्याजी भांडवल असते. गुजरातची निविदा पुन्हा निघेल तेव्हा देशी वाट्याचा टक्का किती, हे वर्तमानपत्रे पहिल्या पानावर छापतील. मी आधी शोधणार आहे ते पैसे देण्याच्या अटींचे परिशिष्ट, आणि त्यात तिसऱ्या पायरीवरच्या पुरवठादाराचा उल्लेख आहे का ते.